ध्रुवप्रदेश, बालवाचक आणि सरपणाचा प्रश्न

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत मुलांना काय सांगावे याची चर्चा पुष्कळ झाली आहे. कोठे उभे राहून सांगावे, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. राजाराणीच्या गोष्टी असाव्यात की विज्ञानकथा, बोध असावा की निखळ रंजन, या वादांत आपण बरीच वर्षे घालवली. परंतु जो प्रदेश मुलाने कधी पाहिलेला नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्याची ओळख केवळ शब्दांतून करून देताना लेखकाने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न आपण भूगोलाच्या शिक्षकाकडे सोपवून मोकळे झालो. बर्फाच्छादित ध्रुवप्रदेश हे याचे ठळक उदाहरण होय. ध्रुवप्रदेशाची ओळख हा आधी भाषेचा आणि साहित्याचा प्रश्न आहे, तो आपण आजवर नवलाईच्या एकाच वाटेने सोडवत आलो, आणि त्या वाटेवर दूरच्या माणसांइतकेच आपल्या जवळच्या मुलांचेही नुकसान झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत ग्रंथालयात बनलेले नाही. ते तळेघर येथे, एका मुलीच्या प्रश्नापुढे निरुत्तर झाल्यावर बनले.

१

तळेघर हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील गाव. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. या डोंगरी पट्ट्यात आणि उत्तरेकडच्या जुन्नर तालुक्याच्या मावळ भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. उतारावर भाताची खाचरे, रानात हिरड्याची झाडे आणि पावसाळ्यात चार महिने न थांबणारा पाऊस. काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त विद्यार्थ्यांसह या भागात राहण्याचा योग आला. एका दुपारी शाळेतील सहावी-सातवीच्या मुलांना काहीतरी वाचून दाखवा, अशी विनंती झाली. हाताशी एक जुनी बालवाचनाची पुस्तिका होती. तिच्यातील ध्रुवप्रदेशावरील पाठ वाचला.

पाठ नेहमीच्या धाटणीचा होता. तेथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते, झाडाचे नाव नाही, जिकडे पाहावे तिकडे बर्फच बर्फ, एस्किमो नावाचे लोक बर्फाच्या घरात राहतात, कातडी पांघरतात आणि कच्चे मांस खातात. कच्च्या मांसाचे वाक्य येताच वर्गात हशा पिकला. काहींनी नाक मुरडले. पाठ रंगला, असे वाचणाऱ्याला वाटले. एवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "सर, तिथं झाडंच नाहीत म्हणता, मग सरपण कुठून आणत्यात?"

पुस्तिकेत याचे उत्तर नव्हते. मराठीत डॉक्टरेट केलेल्या प्रस्तुत लेखकापाशीही नव्हते. "ते लोक तसेच राहतात, त्यांना सवय असते," असे काहीतरी बोलून त्याने वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे दिसत होते. पाऊस लागण्यापूर्वी सरपण तोडून, वाहून, रचून ठेवले नाही तर आषाढात चूल पेटत नाही, हे ज्या घरात लहानपणापासून कळते, त्या घरातील मुलीला 'सवय' हे उत्तर म्हणून पुरणार नव्हते.

उत्तर पुढे शोधावे लागले, आणि ते पाठातील सर्व नवलाईपेक्षा नवलाचे निघाले. उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशातील इनुइट लोक मऊ दगड कोरून अर्धचंद्राकार दिवा करीत. त्याला त्यांच्या भाषेत 'कुल्लिक' म्हणतात. सील माशाच्या, म्हणजे खरे तर सस्तन प्राण्याच्या, चरबीचे तेल त्यात घालीत आणि शेवाळाची किंवा कापसासारख्या एका रानगवताच्या बोंडाची वात लावीत. हाच दिवा उजेड देई, घर ऊबदार ठेवी, पिण्यासाठी हिम वितळवी आणि ओले कपडे सुकवी. तो सांभाळण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. चूल आणि दिवा तेथे एकच होता, आणि त्याचे सरपण समुद्रातून येई.

याहून महत्त्वाचे असे की, वर्गात ज्यावर हशा पिकला त्याचेही उत्तर येथेच आहे. जळण इतके मोलाचे असेल तेथे प्रत्येक घास शिजवून खाणे परवडत नाही. शिवाय फळभाजी जवळजवळ नसलेल्या त्या प्रदेशात क जीवनसत्त्व मिळते ते देवमाशाच्या कच्च्या त्वचेतून आणि ताज्या मांसातून. शिजवले की ते बरेचसे नष्ट होते. ज्या दर्यावर्द्यांनी डबाबंद व खारवलेल्या अन्नावर भिस्त ठेवली त्यांना स्कर्व्हीने गाठले. कच्चे खाणारे इनुइट त्यातून सुटले. म्हणजे पाठाने जे रानटीपणाचे लक्षण म्हणून सांगितले, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध झालेले शहाणपण होते. सरपणाचा प्रश्न विचारणारी मुलगी त्या शहाणपणाच्या उंबरठ्यावर उभी होती. पाठ आणि वाचणारा, दोघेही तिच्यामागे होते.

२

आता हा प्रसंग साहित्यशास्त्राच्या भाषेत मांडून पाहू. अशा लेखनाचे समर्थन सहसा 'अद्भुत' या नावाखाली केले जाते. मुलांना विस्मय हवा असतो आणि तो दूरच्या प्रदेशांतून मिळतो, असा हा युक्तिवाद आहे. अद्भुताचा स्थायी भाव विस्मय, हे खरेच. परंतु वर्गात प्रत्यक्षात जागे झाले ते हास्य आणि जुगुप्सा. विस्मयात पाहणारा लहान होतो आणि पाहिलेली वस्तू मोठी होते. उपहासात नेमके उलट घडते. नवलाईच्या पाठाने मुलांना ध्रुवप्रदेशापुढे नम्र केले नाही, त्यांना तेथील माणसांहून श्रेष्ठ असल्याची स्वस्त भावना दिली. यास अद्भुत म्हणणे ही रसचर्चेतील गफलत आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्या नजरेने हा पाठ इनुइटांकडे पाहतो, त्याच नजरेने शहरी लेखन वर्षानुवर्षे तळेघरच्या मुलांकडे पाहत आले. डोंगरात राहतात, रानातील पाला आणि कंद खातात, इरले पांघरून भात आवतात, नाचतात. 'आदिवासी बांधव' या मथळ्याखालील कितीतरी वर्णने याच साच्याची आहेत. त्यांत राहण्याचे, खाण्याचे, पांघरण्याचे प्रकार असतात; त्यामागील कारणे नसतात. मुख्य म्हणजे त्यांत काळ नसतो. इरले आज क्वचित दिसते. प्लास्टिकचा कागद आणि रेनकोट येऊनही बराच काळ लोटला. त्याचप्रमाणे इनुइट कुटुंबे आज लाकडी व पक्क्या घरांत राहतात, बर्फावर इंजिनाची वाहने चालवतात, मुले शाळेत जातात. 'इग्लू' या त्यांच्या शब्दाचा अर्थही नुसता 'घर' असा आहे. हिमाचे घर हे काही भागांतील लोकांचे हिवाळ्यातील किंवा शिकारीच्या मुक्कामातील घर होते. ग्रीनलंडमध्ये दगडमातीची घरे बांधत. 'एस्किमो' हे नावही बाहेरच्यांनी दिलेले आणि त्यांच्यातील अनेकांना नको असलेले. १९९९ साली कॅनडात नुनावुत हा इनुइट बहुसंख्येचा स्वतंत्र प्रांतप्रदेश झाला. २००९ पासून ग्रीनलंडची अधिकृत भाषा तेथील लोकांची स्वतःची भाषा आहे. आपल्या पाठांतील एस्किमो मात्र अद्याप बर्फाच्या घराबाहेर डोके काढून बसलेला आहे.

ग्रामीण, दलित आणि आदिवासी साहित्याच्या चळवळींनी मराठी समीक्षेला शिकवले की, कोणाविषयी लिहिले जाते याइतकेच कोण लिहितो आणि कोणाकडे तोंड करून लिहितो हे महत्त्वाचे असते. जुन्नर तालुक्यातून आलेले डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासींविषयी विपुल लेखन केले, तेव्हा आपल्या समाजाकडे आतून पाहणारी नजर मराठीला मिळाली. ही शिकवण आपण प्रौढ साहित्याला लावली. बालसाहित्याला, त्यातही माहितीपर बालसाहित्याला, ती लावायचे राहून गेले.

३

मराठी माणसाच्या मनात ध्रुवप्रदेश आला कोठून, हेही पाहणे उद्बोधक ठरेल. याबाबतीत पुण्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९०३ साली लोकमान्य टिळकांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैदिक आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, असा त्यांचा सिद्धान्त. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी सप्तसिंधूचा पक्ष घेऊन त्याला विरोध केला. आज विद्वान टिळकांचा सिद्धान्त मान्य करीत नाहीत. ज्या भूगर्भशास्त्रीय कालगणनेवर तो उभा होता तीही टिकली नाही. तरीही टिळकांच्या वाचनपद्धतीतून बालसाहित्याच्या लेखकाला एक गोष्ट घेता येण्यासारखी आहे. ऋग्वेदातील उषासूक्तांत अनेक दिवस लांबणाऱ्या पहाटेचे वर्णन आहे असे त्यांना दिसले, तेव्हा त्यांनी ते कविकल्पना म्हणून बाजूला सारले नाही. अशी पहाट कोणाला आणि कोठे उभे राहून दिसेल, हा प्रश्न त्यांनी वर्णनाला विचारला. उत्तर चुकले असेल, प्रश्न मात्र मोलाचा होता. वर्णनाला जगण्याचा प्रश्न विचारणे हीच ती रीत, आणि तळेघरच्या मुलीने सरपणाविषयी विचारले तेव्हा तिने याच रीतीचा अवलंब केला होता.

टिळकांच्या ध्रुवप्रदेशात पूर्वज होते, आज तेथे राहणारी माणसे नव्हती. त्यांचा विषयच वेगळा असल्याने त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. परंतु पुढेही मराठी मनातील ध्रुवप्रदेश बहुतांशी रिकामाच राहिला. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठी मुलांपर्यंत आणल्या. व्हर्नच्या कथेत पाणबुडी दक्षिण ध्रुवापर्यंत पोचते; परंतु साहसकथेतील ध्रुव हा जिंकण्याचे ठिकाण असतो, राहण्याचे नव्हे.

पुढे भारत खरोखरच ध्रुवप्रदेशात गेला, आणि गेला तो आपल्या शेजारून. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र उभारले गेले. ते पुढे बर्फाखाली जाऊ लागले तेव्हा 'मैत्री' हे दुसरे केंद्र कार्यरत झाले. २०१२ मध्ये 'भारती' आले. उत्तरेकडे स्वालबार्डमध्ये २००८ पासून 'हिमाद्री' आहे. या सर्व कामाचे सूत्रचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह डॉ. अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. अदिती पंत नागपुरात जन्मल्या आणि पुणे विद्यापीठात शिकल्या. सागरविज्ञानाकडे त्या वळल्या त्या अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या पुस्तकामुळे. पुस्तकाने एका मराठी मुलीला कोठवर नेले, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. ते पुस्तक नवलाईचे नव्हते, समुद्रातील जीव कसे जगतात हे सांगणारे होते, ही गोष्टही लक्षणीय आहे.

४

आता भाषेकडे वळू. मराठी मुलाला 'बर्फ' हा शब्द ठाऊक आहे, पण कोठून? भीमाशंकरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतील रंगीत गोळ्यातून, किंवा भुशात गुंडाळून आणलेल्या लादीतून. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारे हिम. मराठीत येऊन तो शब्द कारखान्यातील लादीला चिकटला, आणि 'हिम' पुस्तकात राहिले. परिणामी 'बर्फाचे घर' म्हणताच मुलाच्या डोळ्यांसमोर लाद्या रचून केलेली थंडगार खोली उभी राहते. प्रत्यक्षात ते घर वाऱ्याने घट्ट बसलेल्या हिमाचे असते, त्या हिमात हवा कोंडलेली असते आणि म्हणूनच ते ऊब धरून ठेवते. घोंगडीची ऊब ज्याला माहीत आहे त्या मुलाला लोकरीत अडकलेल्या हवेचा दाखला देऊन हे क्षणात समजावता येईल. शब्दाची निवड चुकली की भौतिकशास्त्रही चुकते.

एस्किमोंच्या भाषेत हिमाला शेकडो शब्द आहेत, असे आपण वर्गात हौसेने सांगतो. भाषाविज्ञानाच्या अध्यापकांनी तरी हे सांगणे थांबवावे. फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली चार वेगवेगळ्या मूळ शब्दांचा दाखला दिला होता. पुढील लेखकांनी आकडा फुगवत नेला, आणि १९८६ साली लॉरा मार्टिन यांनी या फुगवट्याचा माग काढून दाखवला. त्या भाषांत एका धातूला प्रत्यय जोडत जाऊन वाक्याएवढे शब्द बनतात. तेथे शब्दांची मोजणीच निरर्थक ठरते. दंतकथेची खरी उणीव मात्र आकड्यात नाही. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याचे बारकावे प्रत्येक भाषा टिपते, ही साधी गोष्ट तिने चमत्कार करून टाकली. तळेघरच्या मुलाला पाऊस एकच असतो काय? वळीव वेगळा, मृगाचा वेगळा. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा. झिमझिम, रिपरिप, झड, संततधार, मुसळधार, उघडीप, आणि पाऊस थांबल्यावरही गळत राहणारी पागोळी. आधी या मुलांकडून पावसाचे शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत आणि मग हिमाची गोष्ट काढावी. दूरच्या भाषेकडे जाणारी वाट स्वतःच्या बोलीतून जाते, आणि त्या वाटेने गेलेले मूल आपल्या बोलीला कमी लेखत नाही.

अशा वाटा आणखी पुष्कळ आहेत. 'ध्रुव' हा शब्दच घ्या. बापाच्या मांडीवरून उठवला गेलेला आणि अढळपद मिळवणारा तो बालक घरोघर माहीत आहे. तळेघर उत्तर अक्षांशाच्या एकोणिसाव्या अंशाच्या आसपास असल्याने तेथून ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे तेवढ्याच अंशांवर दिसतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर जवळजवळ दोन मुठी. डोंगर आड आला नाही म्हणजे झाले. उत्तरेकडे चालत राहिले तर तो वर वर चढत जाईल, आणि तो डोक्यावर येईल ती जागा उत्तर ध्रुव. दक्षिण ध्रुवावरून मात्र तो कधीच दिसत नाही. एवढे सांगितल्यावर पृथ्वीचा गोल वर्गात न आणताही मुलाच्या मनात उभा राहतो. सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र ही अवस्था खुद्द ध्रुवबिंदूची आहे. माणसे जेथे राहतात तेथे न मावळणाऱ्या सूर्याचा आणि न उगवणाऱ्या सूर्याचा काळ त्याहून कमी, आणि त्या काळोखातही संधिप्रकाश असतो, हे मग सहज सांगता येते.

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात वर्षभर पडणारे हिम वितळवले तर सरासरी पाच सेंटिमीटरच्या आसपास पाणी भरेल. भीमाशंकरच्या परिसरात आषाढातील एखाद्या दिवसात त्याहून अधिक पाऊस पडतो. पाण्याने भरलेला तो खंड प्रत्यक्षात वाळवंट आहे, हे तळेघरचे मूल पुण्यातील मुलापेक्षा लवकर समजेल. उत्तरेकडील सामी लोकांचे रेनडियर हिवाळ्यात हिम उकरून जे खातात, ते आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीचे असते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने सुमारे सोळा किलो दगड शेवटपर्यंत वाहून आणले होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. तेच ठसे विदर्भातील कामठीच्या खडकांत सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे दोन्ही प्रदेश एकाच महाखंडाचे भाग होते, आणि त्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते गोंडांच्या भूमीवरून: गोंडवन. अंटार्क्टिकाच्या इतिहासाला एका आदिवासी समाजाचे नाव आहे, ही गोष्ट आश्रमशाळेतील मुलांना कोणी सांगितली आहे काय?

५

अलीकडे नवलाईच्या जोडीला दुसरा एक साचा आला आहे, तो संकटाचा. वितळणारे हिम, तरंगत्या तुकड्यावर एकटे पडलेले अस्वल, वाढणारा समुद्र. तापमानवाढ खरी आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. पण एखाद्या प्रदेशाची पहिली ओळखच विनाशाने व्हावी काय? आंबेगाव तालुक्यातील माळीण हे नाव बहुतेक महाराष्ट्राला ३० जुलै २०१४ रोजी कळले, जेव्हा डोंगर कोसळून गाव गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. त्याआधी त्या गावात भात पिकत होता, लग्ने होत होती, मुले शाळेत जात होती. हे सांगणारा मजकूर किती जणांनी वाचला होता? जे गाव केवळ मृत्यूने ओळखले जाते त्याविषयी हळहळ वाटते, ओळख होत नाही. ध्रुवप्रदेशाचेही असेच आहे. जो आधी घर म्हणून कळला आहे, त्याचेच वितळणे मुलाला कळेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या शाळांना पुरेसे शिक्षक मिळत नाहीत तेथे ध्रुवाच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप वरवर कळवळ्याचा वाटतो. पण डोंगरातील मुलाचे जग डोंगराएवढेच असावे, असा त्याचा अर्थ होतो. सरपणाचा प्रश्न ज्या मुलीने विचारला तिची जिज्ञासा तालुक्याच्या हद्दीवर थांबणारी नव्हती. दुसरा आक्षेप असा की, कारणे सांगत बसल्यास गोष्टीची मजा जाते. अनुभव याच्या उलट आहे. दगडी दिव्याची हकीकत पुढे प्रस्तुत लेखकाने जेथे जेथे मुलांना सांगितली, तेथे कच्च्या मांसावर कोणी हसले नाही. समुद्र गोठल्यावर सील सापडतो कसा, हा पुढचा प्रश्न मात्र दर वेळी आला. विस्मय म्हणतात तो हाच.

मग करावे काय? प्राध्यापक आणि संशोधक यांच्या आवाक्यातील तीन गोष्टी येथे सुचवाव्याशा वाटतात. एक, माहितीपर बालसाहित्य हा पदव्युत्तर अभ्यासाचा आणि प्रबंधाचा विषय व्हावा. परक्या समाजांची वर्णने मराठी बालवाङ्मयात कशी बदलत गेली, याचा पद्धतशीर शोध घेण्याजोगा आहे. दोन, ध्रुवप्रदेशातील लोकांचे स्वतःचे लेखन मुलांपर्यंत पोचावे. मार्कूसी पात्सौक या इनुइट लेखकाची अस्वलाच्या शिकारीची कादंबरी १९७० मध्येच इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. अशा कृती सुबोध मराठीत गावोगावच्या शाळांच्या कपाटांत असावयास हव्यात. त्यांच्या मुलांच्या हकीकतीही सांगाव्यात, दुःखाच्यासुद्धा. १९५१ साली ग्रीनलंडमधील २२ मुलांना 'सुधारण्यासाठी' डेन्मार्कला नेण्यात आले. ती आपल्या भाषेला आणि घराला पारखी झाली, आणि २०२० मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल क्षमा मागितली. आपल्या आश्रमशाळांची गोष्ट ही नव्हे, दोहोंची सरमिसळ करू नये. तथापि घरापासून दूर राहून, पुस्तकाच्या परक्या बोलीत शिकणाऱ्या मुलाला ही हकीकत शहरी मुलापेक्षा अधिक आतून कळेल, यात शंका नाही. तीन, असे कोणतेही पुस्तक छापण्यापूर्वी ते तळेघरसारख्या गावातील वर्गात वाचून पाहावे आणि मुलांनी विचारलेले प्रश्न टिपून घ्यावेत. परीक्षणासाठी तज्ज्ञांची समिती असते; तिच्यात या वर्गालाही जागा असावी.

शिबिर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेले. त्या मुलीपर्यंत उत्तर पोचवायचे राहून गेले, आणि आज ती कोठे शिकते आहे किंवा नांदते आहे, हे ठाऊक नाही. तिच्या धाकट्या भावंडांच्या हाती येणाऱ्या पुस्तकात तरी त्या दगडी दिव्याचे आणि त्यातील वातीचे वर्णन असावे, आणि ते सरपणाच्या प्रश्नापासून सुरू व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.